अकोल्याला न्यायची गाडी

गाडी थांबली की खाली उतरून ते आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. दोन-चार श्वास तसेच उभे राहायचे, डोळे अर्धवट मिटून. मग हात पँटला पुसून कामाला लागायचे. गाईच्या कुशीवर हात ठेवून ते जसे उभे राहत, अगदी तसेच. नवख्या माणसाला वाटायचं, गाडीला नमस्कार चालला आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. विचारलं तर म्हणाले, "नाही व मॅडम. कशी आहे ते पाहून राह्यलो."

ते मानोऱ्याच्या दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर. मूळचे रिसोडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी मानोऱ्यापासून आत असलेल्या एका तांड्यावरच्या शाळेत शिकवायला लागले आणि खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. माझ्याकडे स्कूटी होती, पण तांड्याच्या अलीकडे एक नाला आहे आणि नाल्यापलीकडे खडा चढ. पहिल्याच आठवड्यात मी त्या चढावर स्कूटीसकट आडवी झाले. गुडघ्याला पट्टी बांधताना त्यांच्या बायको म्हणाल्या, "तुमी यायच्या संगं जात जा. तसेही हे सकाळी तिकडेच जातात." तेव्हापासून मी त्या गाडीतून जाऊ लागले.

तुमच्याही गावात असा कुणीतरी असेल, ज्याची गाडी त्याच्या आधी ओळखू येते. डॉक्टरांची गाडी डिझेलची, दुसऱ्याकडून घेतलेली, कधीकाळी चंदेरी असावी. मागच्या सीटवर लसींचा थंड डबा, दोर, गमबूट, एक बादली. शेण, साबण आणि डिझेल यांचा मिळून एक वास आत कायमचा बसलेला. पहिले काही दिवस मी नाकाला पदर लावून बसले, मग तोच वास आला की मला झोप येऊ लागली.

सकाळी ते बोलत नसत. थंडीत तुरीच्या शेतांवर धुकं उतरलेलं असे, रस्ता पुढे थोडासाच दिसे, आणि त्या घरघरीत आवाजात गाडी चालते आहे की आपण एका जागी बसून आहोत आणि शेतंच मागे सरकत आहेत, ते कळत नसे. मधेच ते कुठेही गाडी बाजूला घेत, काच खाली करत आणि ऐकत बसत. मी विचारी, "काय झालं?"

"काही नाही. चांगलं वाटते."

कुठून तरी घुंगरांचा आवाज येऊन विरून जाई. मग काच वर आणि गाडी पुढे. नाल्याकडच्या उतारावर ते गाडी न्यूट्रलला टाकत. घरघर एकदम खाली यायची आणि आम्ही तरंगत खाली उतरल्यासारखे उतरायचो. पुढच्या चढावर मात्र ती सगळी कसर निघायची. दुसरा गियर, कर्कश आवाज, आणि मागे धुराचा काळा पट्टा.

माणसं मवाळ असली तरी एखाद्या गोष्टीला चिडतात, तसे डॉक्टर उशिराला चिडत. कुणी जनावर आजार वाढल्यावर आणलं की त्यांचा आवाज चढे. "इतके दिवस काय पाहून राह्यला होता?" समोरचा सांगे, पेरणी होती, सोंगणी होती, घरी लग्न होतं. डॉक्टर सुई भरता भरता पुटपुटत, "जनावराले तुहा हंगाम कळत नाही, बावा."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या फोनवर गाडीच्या कंपनीचा निरोप आला. इंग्रजीत होता. त्यांनी वाचला होता, तरी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, वाचा बरं, मला जे समजलं तेच लिहिलं आहे का. तेच लिहिलं होतं. या बनावटीच्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालताना ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घातक वायू सोडतात, हे उघडकीला आलं होतं. कंपनी इंजिनातल्या कॉम्प्युटरची आज्ञावली बदलून देणार होती आणि एक भागही नवा बसवणार होती. काम फुकट. गाडी अकोल्याच्या केंद्रावर एक-दोन दिवस ठेवावी लागेल. आपल्या सोयीची तारीख कळवावी.

"सोयीची तारीख," डॉक्टर म्हणाले, आणि हसले. मग म्हणाले, "जरा मोकळं होऊ द्या. नेऊ."

हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की त्यांच्या तोंडून निघण्याआधीच ते माझ्या मनात उमटायचं.

तेव्हा पावसाळ्याआधीच्या लसी सुरू होत्या, एकेका तांड्यावर शंभर जनावरं उभी असत, मोकळं होणं शक्यच नव्हतं. मग पाऊस लागला. नाल्याच्या चिखलातून गाडी काढायची म्हणजे इंजिनात जोर हवा, आणि गावातल्या मेकॅनिकनं त्यांच्या मनात भरवून दिलं होतं की ते काम केलं की गाडीची ओढ कमी होते, डिझेलही जास्त खाते. हात लावू नका, चालून राह्यली तर चालू द्या, असा त्याचा सल्ला. डॉक्टरांना तो पूर्ण पटला नव्हता, पण पावसाळा संपेपर्यंत सोयीचा होता. मग पोळा आला, बैलांची रांग लागली. मग सोयाबीन निघालं. खळ्यावर सांडलेलं खाऊन गाई फुगू लागल्या आणि डॉक्टर सकाळपासून इकडून तिकडे धावू लागले.

अकोल्याहून अधूनमधून फोन येई. एक मुलगी गोड आवाजात विचारी. डॉक्टर तिला प्रत्येक वेळी मनापासून सांगत, की येतो, नक्की येतो. फोन ठेवला की थोडे ओशाळे होत.

त्यांच्या बायको एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "लोकायले बोलता ना, इतके दिवस काय पाहून राह्यला होता म्हणून? आता सवताले बोला."

डॉक्टरांनी त्यावर चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दिवाळीनंतर तांडा निम्मा रिकामा होतो. जवान माणसं ऊस तोडायला दूर निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली काही मुलं आणि ज्यांना सोबत नेता येत नाही अशी गुरं. डॉक्टरांनी ठरवलं होतं, की माणसं गेली की आपल्याला सवड मिळेल. पण झालं उलटंच. आता गाय पडली तर तिला उठवायला दहा हात नव्हते. म्हाताऱ्यांना डॉक्टरांशिवाय कोण होतं? ते आधीपेक्षा जास्त वेळा जाऊ लागले.

चढ संपला की तांड्यातलं पहिलं घर एका म्हातारीचं. तिला सगळे 'याडी' म्हणत; बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते आणि ती एका तांबड्या गाईबरोबर राहत होती. गाय गाभण होती. तिच्या भिंतीला लागून लिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत डॉक्टर गाडी लावत. बॅटरी जुनी झाली होती, बंद केली तर गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री नसायची, म्हणून इंजिन चालूच ठेवत. मी शाळेकडे जाई, ते गोठ्यांकडे. गाडी तिथे एकटीच घरघरत उभी राही.

याडीच्या दाराला नेहमी एक ओलं पोतं टांगलेलं असे. मला वाटायचं, माशांसाठी असेल. डॉक्टरांना वाटायचं, थंडीसाठी. आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. दारावर पोतं असणं हे आमच्या दृष्टीनं दाराला कडी असण्यासारखंच होतं.

एका सकाळी नळयोजनेच्या पाइपासाठी चढावरचा रस्ता खोदून ठेवलेला सापडला. गाडी नाल्याच्या अलीकडेच लावावी लागली. आम्ही पायी निघालो. ऊन नुकतं कोवळं पसरत होतं, धुकं नाल्याच्या अंगानं पाण्यासारखं वाहत होतं. डॉक्टर दोनदा थांबले, मागे वळून गाडीकडे पाहिलं. वर पोचलो तर याडी अंगणात, उन्हाला पाठ देऊन बसली होती. दार उघडं होतं. आतली चूल, पितळी हंडा, दोरीवरचा काचा जडवलेला घागरा, सगळं दिसत होतं. त्या घराचं आतलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी सहज विचारलं, "आज पोतं नाही लावलं, याडी?"

"आज तुही गाडी नाही आली ना," ती म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. तिनं हातानं छाती दाखवली. गाडी येते, धूर घरात भरते, मग दम लागते, रात पडली तरी उतरत नाही. म्हणून चढावर आवाज आला की ती पोतं भिजवून दाराला लावते आणि गाडी जाईपर्यंत आत बसून राहते. हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पावसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तू माह्या गाईसाठी येतं," याडी म्हणाली. "तुले काय सांगू?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. गोठ्यात गेले, गाय तपासली. हात धुताना ते बराच वेळ बादलीत पाहत होते. परत जाताना आम्ही बरोबरच होतो, कारण शाळा त्या दिवशी अर्धी होती. गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी सवयीनं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

मी म्हटलं, आता खालीच लावत जाऊ, पायी जाऊ. त्यांनी मान हलवली. गाडी पार मानोऱ्याच्या वेशीपाशी आली तेव्हा म्हणाले, "एका याडीचं घर झालं, मॅडम. मी दिवसभर किती दारांपुढून जातो." मग थोड्या वेळानं, "बाकी कोणी पोतं लावत नाही, एवढंच."

त्याच दुपारी त्यांनी स्वतः अकोल्याला फोन केला. पलीकडच्या मुलीला बहुधा खरं वाटलं नसावं, कारण त्यांना तेच दोनदा सांगावं लागलं. आठवड्याच्या शेवटी यायचं ठरलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात अडकली होती. याडीच्या गाईचे दिवस भरत आले होते. ते पुन्हा जाऊन पाहून आले. अजून आठवडाभर तरी अवकाश आहे, म्हणाले. तरी निघायच्या सकाळी अंगणात उभे राहून किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले.

"जाऊ का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आज नाही गेले तर मंग उन्हाळाच," त्या म्हणाल्या.

मलाही अकोल्यात काम होतं, म्हणून मी सोबत गेले. केंद्रावर काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, सगळ्या गाड्या धुतलेल्या. आमची गाडी आत शिरली तेव्हा तिच्या टायरांतून तांड्याची माती गळून फरशीवर पडली. गणवेशातला एक तरुण पुढे आला. त्यानं विचारलं एवढंच, की आणखी काही तक्रार? डॉक्टर त्याला गाडीचं सांगू लागले: सकाळी पहिल्यांदा सुरू होताना थरथरते, चढावर दम टाकते, डाव्या अंगाला जरा झुकते, पण स्वभावानं गरीब आहे. तो मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी काचेबाहेर पाहिलं, नाहीतर हसू आलं असतं.

परतीला आम्ही मंगरूळमार्गे एसटीनं आलो. डॉक्टरांना खिडकीची जागा मिळाली. पण त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, पुढच्या दांडीवर ठेवले, शेवटी घडी घालून काखेत धरले. बाहेर हरभऱ्याची शेतं, दूरचं टेकाड, त्यावर उतरतं ऊन. डुलकी लागता लागता ते म्हणाले, "किती वर्षांनी दुसरं कोणी चालवून राह्यलं, अन् मी बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याच्या नाईकाचा, म्हणजे म्होरक्याचा, फोन आला. याडीची गाय अडली होती.

डॉक्टर अंगणात आले. गाडीची जागा रिकामी होती. त्यांनी दोघांना फोन लावले. एकाची मोटरसायकल शेतात, दुसरा वाशिमला गेलेला. मी स्कूटी काढली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बॅग छातीशी धरली आणि मागे बसले. त्या रस्त्यानं मी इतकी सावकाश आणि इतकी घाबरून कधी चालवलेली नाही. डॉक्टर एका शब्दानं घाई करा म्हणाले नाहीत. माझ्या कानाशी त्यांचा श्वास मात्र ऐकू येत होता. नाल्यापाशी मी थांबले. गुडघ्याची आठवण अजून ताजी होती. ते उतरले आणि निवृत्ती जवळ आलेल्या वयात, बॅग घेऊन, चढ पळत चढू लागले.

मी पोचले तेव्हा ते गोठ्यात जमिनीवर आडवे पडले होते, हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. वासराची मान मागे वळलेली होती. तांड्यात राहिलेली चार म्हातारी माणसं दोर धरून उभी होती. याडी गाईच्या डोक्याशी बसून तिच्या कानात त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होती, एका लयीत, अंगाई म्हणावी तसं. कितीतरी वेळ तोच एक आवाज होता. ऊन छपराच्या भोकांतून खाली येऊन डॉक्टरांच्या पाठीवर टिकल्यांसारखं पडलं होतं.

वासरू निघालं. कालवड होती, आईसारखीच तांबडी. डॉक्टरांनी तिचं नाक-तोंड साफ केलं, उलटं धरलं, छाती चोळली, गवताच्या काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, पुन्हा छाती चोळली. मग थांबले.

दोर धरलेल्यांपैकी एक म्हातारा हळूच म्हणाला, की गाडी असती तर पोचले असते वेळेवर. त्यात राग नव्हता, त्याला तसं वाटलं आणि तो बोलला. नाईकानं त्याला गप्प बसवायला पाहिलं.

"बोलू द्या त्यायले," डॉक्टर म्हणाले. "वाचली असती कदाचित. मले नाही माहीत."

ते पुन्हा गाईकडे वळले. वासरामागची वार पडेपर्यंत, सलाइन संपेपर्यंत, ती पुढचे पाय टेकून, डगमगत, उभी राहीपर्यंत तिथेच बसून होते. कपडे चिखलानं माखलेले. याडीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. मी बाजूला उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, की मी अजून थोडं थांबायला पाहिजे होतं, गाय मोकळी झाल्यावर न्यायला पाहिजे होती गाडी.

याडीनं लोटा खाली ठेवला. "मंग अजून कोणाची गाय राह्यली असती," ती म्हणाली. "किती थांबतं तू?"

आणि आत जाऊन तिनं चुलीवर चहा ठेवला.

गाडी परत आली ती थोडी बदलून. मेकॅनिक म्हणाला होता त्यात तथ्य निघालं. चढावर तिला आता पहिला गियर लागायचा आणि ती संथ चालायची. पण काजळीनं भरलेला भाग बदलल्यामुळे मागचा काळा पट्टा गेला होता आणि आवाज मऊ झाला होता, सकाळी तर सुरू झालेली कळतही नसे. डॉक्टरांनी बॅटरीही नवी घातली. तांड्यावर आता ते गाडी नाल्याशीच लावत आणि चढ पायी चढत. मी वर्गातून पाहायची; बॅग घेऊन, मधे मधे थांबत येणारी ती आकृती. याडीचा दम पूर्ण गेला नाही, चूल होतीच घरात. पण ती अंगणात दिसू लागली.

'जरा मोकळं होऊ द्या' हे ते नंतरही म्हणत, माणसाचा स्वभाव एका गाईनं बदलत नाही. पण म्हटल्यावर स्वतःच थबकत. उशिरा जनावर आणणाऱ्याला ओरडणं मात्र थांबलं. कुणी ओशाळून उभं राहिलं की म्हणत, "आणलं ना आता? धर मंग."

पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस तांबडी गाय पुन्हा व्यायली. डॉक्टर चढ चढून पोचले तेव्हा वासरू उभं राहून आईला ढुशा देत होतं. ते कुंपणाशी टेकून पाहत राहिले. मला म्हणाले, "काही करायचं राह्यलंच नाही मले." इतके आनंदी मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडी ते सेवानिवृत्त झाले. दवाखान्यात समारंभ ठरला होता, हार-तुरे आणि भाषणं. त्यांनी सगळ्यांना बरं म्हणून सांगितलं. सामान आधीच टेम्पोनं रिसोडला गेलं होतं. निरोपाला त्यांच्या बायको आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन गेल्या, माझ्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी ठेवली आणि यांना समारंभ झेपत नाहीत, एवढं म्हणाल्या. मला वाटलं, सकाळी भेट होईलच. गाडी सुरू झाली की ऐकू येईल, मग बाहेर जाऊ.

मला काहीच ऐकू आलं नाही. उजाडल्यावर दार उघडलं, तर शेजारच्या दाराला कुलूप होतं. रात्रभर दव पडलं होतं, सगळं अंगण ओलं, काळपट झालं होतं. फक्त मधोमध गाडीएवढा एक चौकोन कोरडा होता, फिकट मातीचा. मी चहा करून उंबऱ्यावर येऊन बसले. ऊन चढत गेलं, भोवतालचं अंगण हळूहळू वाळलं, आणि मग तो चौकोन कुठे होता ते सांगता येईना.